असे ठरले आहे



व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना सूचना, परिपत्रक, निवेदन यांचे नमुने तुम्ही वाचले आहेत. नमुना वाचताना एक गोष्ट नजरेआड राहते. ती सूचना ज्यांच्यासाठी काढली त्यांनी ती वाचून काय केले, त्यांना तिचा कोणता त्रास झाला, हे नमुन्याखाली छापलेले नसते. या लेखात मी काही सूचनांचाच विचार करणार आहे. मात्र त्या मला पालक म्हणून मिळाल्या होत्या आणि मी त्या रागाने वाचल्या होत्या. भाषेच्या अभ्यासकाने रागावर लिहू नये असा संकेत आहे. तो मी आज मोडते आहे. रागाचे कारण अखेर भाषेतच सापडले, एवढेच माझे समर्थन.

गेल्या वर्षीचा मे महिना. तुमच्यापैकी जे भुसावळ, यावल, रावेर, जळगाव या भागात राहतात त्यांना आमच्या मे महिन्याचे वर्णन नको. इतरांसाठी सांगते, पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी इथे कोणी दचकत नाही. सकाळी दहा-अकरानंतर रस्त्यावर जी माणसे दिसतात ती डोके, कान, तोंड गुंडाळूनच दिसतात. पुरुषांच्या डोक्याला बागायती रुमाल, मुलींच्या चेहऱ्याभोवती डोळ्यांपुरती फट ठेवून बांधलेला स्कार्फ. हा पोशाख कोणत्याही संस्थेने लावलेला नाही. तो उन्हाने लावलेला आहे.

माझ्या मुलीने तेव्हा आठवीची परीक्षा दिली होती. शहरातील एका संस्थेने किशोरवयीन मुलामुलींसाठी पंधरा दिवसांचे उन्हाळी शिबिर भरवले होते. वेळ सकाळी साडेसहा ते अकरा. लेझीम, चित्रकला, नाट्यवाचन आणि मल्लखांब. मुलीला ओढ होती ती दोरीच्या मल्लखांबाची. घरी आलेल्या पत्रकात पोशाखाविषयी एकच ओळ होती : ‘शिबिरार्थींनी सैल व सुटसुटीत कपडे घालावेत.’ मला ती ओळ आवडली. बाजारात जाऊन मी दोन सैल ट्रॅकपँट आणि तीन सुती टी-शर्ट घेतले आणि हा विषय संपला असे मानले.

विषय संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी रात्री पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर संदेश आला : ‘मुलींनी शोभनीय पोशाखातच यावे, असे ठरले आहे.’ चौथ्या दिवशी : ‘सैल कपडे चालणार नाहीत. अंगालगत बसणारे ट्रॅक घालावेत.’ पाचव्या दिवशी : ‘रुमाल, स्कार्फ बांधून येऊ नये.’ सातव्या दिवशी : ‘उद्यापासून शिबिराचा टी-शर्ट सक्तीचा. शुल्क ३५० रुपये. टी-शर्ट नसल्यास प्रवेश देण्यात येणार नाही.’ एकाही संदेशाखाली नाव नव्हते. प्रत्येक संदेश रात्री नऊनंतर आला होता, म्हणजे दुकाने बंद झाल्यावर.

आठव्या दिवशी माझी मुलगी शिबिराचा टी-शर्ट आणि अंगालगत बसणारा नवा ट्रॅक घालून गेली, आणि तिला दारावर थांबवण्यात आले. ट्रॅक शोभनीय नव्हता. चौथ्या दिवसाच्या सूचनेप्रमाणे घेतलेला कपडा दुसऱ्या दिवसाच्या सूचनेत बसत नव्हता. मी तिला सोडून परत गेले होते. त्यामुळे अकरापर्यंत ती दाराशेजारच्या बाकावर बसून राहिली आणि आतून येणारे लेझमीचे आवाज ऐकत राहिली. दारावर उभी असलेली कार्यकर्ती जेमतेम वीस वर्षांची होती. तिच्यावर माझा रोष नाही, तिलाही कोणीतरी तसे सांगितले होते.

घरी आल्यावर मुलीने मला विचारले, “आई, शोभनीय म्हणजे नक्की किती सैल?”

मी भाषाशास्त्रात पीएच.डी. केली आहे. मला उत्तर देता आले नाही. संध्याकाळी मी आयोजकांना दूरध्वनी केला आणि तोच प्रश्न त्यांना विचारला. ते सौजन्याने बोलले. म्हणाले, “मॅडम, तुम्ही स्वतः मराठीच्या प्राध्यापक. शोभनीयचा अर्थ तुम्हाला आम्ही सांगायचा?” त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता. शब्द मराठी आहे, सर्वांना माहीत आहे, तेव्हा त्याचा अर्थही सर्वांना सारखाच माहीत असणार, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ही समजूत फार लोकांची असते आणि माझ्या मते पोशाखाच्या बहुतेक भांडणांचे मूळ तीच आहे.

पुढे वाचण्यापूर्वी वही घ्या आणि ‘शोभणे’ या क्रियापदाची चार वाक्ये लिहून पाहा. तुम्ही बहुधा ‘तुला निळा रंग शोभतो’, ‘असे बोलणे तुम्हाला शोभत नाही’ अशी वाक्ये लिहाल. प्रत्येक वाक्यात चतुर्थीतला कोणीतरी असतो, तुला, तुम्हाला, त्यांना. कोणाला शोभते हे सांगितल्याखेरीज हे क्रियापद अपुरे वाटते. त्याखेरीज आणखी एक व्यक्ती तिथे असते, तिचा उल्लेख मात्र कधीच होत नाही. ती म्हणजे पाहणारा. शोभते की नाही हे पाहणाऱ्याने ठरवायचे असते.

आता क्रियापदाचे विशेषण करा. ‘शोभनीय’ म्हटले की ‘कोणाला’ हा प्रश्न गळून पडतो आणि न बोललेला पाहणारा तर आणखी खोल दडतो. ‘अनीय’ प्रत्यय लागलेल्या शब्दांची ही रीतच आहे. पुस्तक वाचनीय असते, गाणे श्रवणीय असते, स्थळ प्रेक्षणीय असते. कोणी वाचले, कोणी ऐकले, कोणी पाहिले, याचा पत्ता शब्द देत नाही. मत कोणाचे तरी असते आणि गुण मात्र वस्तूला चिकटतो. पुस्तकाच्या बाबतीत यात फारसे बिघडत नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या कपड्यांच्या बाबतीत बिघडते, कारण तिच्या कपड्यांत एक दोष आहे असे तिला सांगितले जाते आणि तो दोष कोणाच्या नजरेतून दिसला हे सांगितले जात नाही.

दुसरा शब्द घ्या, ‘ठरले आहे’. ठरणे अकर्मक आहे, ठरवणे सकर्मक. ‘ठरवले’ म्हटले की कर्ता द्यावा लागतो, समितीने ठरवले, संचालकांनी ठरवले. ‘ठरले’ म्हटले की कर्त्याची गरज उरत नाही. पाऊस पडतो, दूध नासते, तसे ते आपोआप ठरते. लहान मूल हातातून कप पडल्यावर ‘मी कप फोडला’ म्हणत नाही, ‘कप फुटला’ म्हणते, आणि आपण त्याला खोटे बोलू नको म्हणून दटावतो. तेच आपण कार्यालयात बसलो की ‘असे ठरले आहे’ लिहितो. ‘प्रवेश देण्यात येणार नाही’ या रचनेचेही तसेच. या रचनेवर माझा सरसकट आक्षेप नाही. शासनव्यवहारात व्यक्तीपेक्षा पद महत्त्वाचे असते आणि तिथे तिची सोय आहे. पण तिथे निदान खाली स्वाक्षरी, पदनाम आणि दिनांक असतो. आमच्या गटावरच्या संदेशांनी शासनाची क्रियापदे घेतली आणि स्वाक्षरी तेवढी घेतली नाही.

आयोजक वाईट हेतूने वागत होते असे मला वाटत नाही. उलट नवव्या दिवशी मल्लखांबाच्या प्रशिक्षकांशी बोलल्यावर मला जे कळले त्याने माझा राग काहीसा दुसरीकडे वळला. सर म्हणाले, “दोरीवर सैल कपडा अडकतो, मॅडम. मांडीखाली, पायाच्या अंगठ्यात दोरी धरताना घोळ आला तर मूल खाली येतं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.” त्यांचे म्हणणे पूर्णतः खरे होते. स्कार्फचेही तसेच. चौथ्या दिवशी एका मुलीच्या स्कार्फचे टोक दोरीच्या आढीत आले होते. सुदैवाने ती फार वर नव्हती. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या दिवसाच्या सूचनांना भक्कम कारण होते. कार्यालयाने ते कारण काढून टाकले आणि उरलेला निषेध आम्हाला पाठवला.

कारण काढल्याने काय झाले पाहा. ‘दोरीवर चढताना स्कार्फ सोडून ठेवावा, कारण तो अडकतो’ असे लिहिले असते तर एकाही पालकाने चकार शब्द काढला नसता. ‘रुमाल, स्कार्फ बांधून येऊ नये’ असे लिहिल्यामुळे दोरीपुरता असलेला निषेध दारापर्यंत आला आणि दारातून रस्त्यावर. सकाळी अकरा वाजता, मे महिन्यात, मुली उघड्या डोक्याने सायकल मारत घरी आल्या. माझी मुलगी त्या दिवशी डोके धरून संध्याकाळपर्यंत पडून होती. कारण नसलेल्या नियमाला कुठे थांबायचे हे कळत नाही.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना हे माहीत होते. मीमांसकांनी वाक्यांचे प्रकार पाडताना ‘हे करावे’ सांगणारा विधी आणि ते का, कशासाठी याचे वर्णन करणारा अर्थवाद असा भेद केला, पण अर्थवादाला निरर्थक भरताड मानले नाही. तो विधीशी जोडून, दोहोंचे मिळून एक वाक्य म्हणून वाचायचा, असे त्यांनी सांगितले. आपल्या कार्यालयांनी विधी ठेवला आणि अर्थवाद टाकून दिला. विसाव्या शतकात कायद्याच्या अभ्यासकांना वेगळ्या वाटेने हाच प्रश्न भेटला. १९५८ साली एच. एल. ए. हार्ट या ब्रिटिश विधिज्ञाने एक साधे उदाहरण घेतले. बागेत वाहनांना मनाई आहे. मोटार आत नेता येणार नाही, हे उघड आहे. पण सायकल? चाकांचे बूट? मुलाच्या हातातली खेळण्यातली मोटार? हार्ट यांचे म्हणणे असे की प्रत्येक शब्दाला अर्थाचा एक पक्का गाभा असतो आणि भोवती अंधूक कडा असते. त्यांना त्याच वर्षी अमेरिकेतील लॉन फुलर यांनी उत्तर दिले. समजा, महायुद्धातला एक लष्करी ट्रक स्मारक म्हणून बागेत चौथऱ्यावर बसवायचा आहे. तो वाहनाच्या गाभ्यातच येतो, मग त्याला मनाई आहे का? फुलर यांचा रोख असा की नियम कशासाठी आहे हे कळल्याखेरीज गाभादेखील कळत नाही. हा वाद विधी महाविद्यालयांत अजून शिकवला जातो. मला तो शिबिराच्या दारावर आठवला. ‘शोभनीय’ या शब्दाला तर गाभाच सापडेना, सगळी कडाच.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मग मोजमाप द्यावे. बाही इतकी, लांबी तितकी. मलाही पहिल्या रागात तसेच वाटले होते, मुलीनेही ‘किती’ असेच विचारले होते. पण थोडा विचार केल्यावर मी मागे आले. माप लिहिले की मापणारा नेमावा लागतो. मग दारावर कोणीतरी पट्टी घेऊन उभे राहते आणि वाढत्या वयाच्या मुलींना गुडघ्यापाशी वाकून मोजते. अस्पष्ट विशेषणाइतकाच हा अपमान आहे, कदाचित अधिक. अडचण शब्द सैल असण्याची नव्हती, तो कशाशीही बांधलेला नव्हता याची होती. ‘दोरी’ या एका शब्दाशी तो बांधला असता तर मापाचीही गरज पडली नसती.

आपल्याकडील एका जुन्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या कायद्यात याचे चांगले उदाहरण होते. कारखाने अधिनियम, १९४८. भुसावळ आणि वरणगाव ही आयुध निर्माणींची गावे, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांच्या घरात या कायद्याचे नाव घेतले जात असेल. त्याच्या २२व्या कलमात चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी करणाऱ्या कामगाराच्या कपड्यांचा उल्लेख होता. कपडे अंगाला घट्ट बसणारे असावेत, असे कायदा म्हणत असे. घट्ट! जो गुण आमच्या शिबिराच्या दारावर अशोभनीय ठरला तोच इथे कायद्याने अनिवार्य केला होता, कारण सैल कपडा यंत्रात ओढला जातो. तिथेच कंसात आणखी एक गोष्ट होती आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. हे कपडे भोगवटादाराने, म्हणजे कारखाना चालवणाऱ्याने, पुरवायचे होते. ज्याने नियम केला त्याने कपडा द्यायचा.

आमच्या शिबिरात नियम बदलला की कपडा पालकाने घ्यायचा होता. माझ्यासारखीला त्याचा वैताग होतो, झळ बसत नाही. झळ कोणाला बसते हे मला दारावर दिसले. माझ्या शेजारी एक बाई उभ्या होत्या. केळीच्या बागेत रोजाने जातात. मुलगी हुशार म्हणून शाळेतल्या बाईंनी शिबिराचे शुल्क भरले होते. त्यांनी आधी सैल पँट घेतली होती, मग उसनवारी करून घट्ट. आता टी-शर्ट. मी आयोजकांना पत्र लिहिणार असल्याचे त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, “तुम्ही लिहा मॅडम. तुमचं वाचतील. माझी तर एका दिवसाची मजुरी जाते या बनियनात.” दुसऱ्या दिवसापासून त्यांची मुलगी आली नाही. तिला कोणी काढले नव्हते. तिच्या न येण्याची नोंदही कुठे झाली नसेल. वहीत फार तर ‘गैरहजर’ लिहिले गेले असेल. हासुद्धा एक अकर्मक शब्द आहे.

हा दोष एखाद्या शहरातल्या एखाद्या शिबिराचा आहे असे समजू नका. राज्य शासनाने ८ डिसेंबर २०२० रोजी आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या पेहरावाविषयी सूचना काढल्या. जीन्स आणि टी-शर्ट नको, चपला नकोत, आठवड्यातून किमान एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी. पुढच्याच मार्चमध्ये त्यातील जीन्सवरची बंदी मागे घेण्यात आली. १५ मार्च २०२४ रोजी शिक्षकांच्या पेहरावाविषयी शासन निर्णय निघाला. त्यात जीन्स, टी-शर्ट यांच्याबरोबर गडद रंगाचे आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडेही निषिद्ध झाले. ‘चित्रविचित्र’ या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. पदरावर मोर असलेली पैठणी चित्रविचित्र नक्षीत मोडते का? माझ्या एका मैत्रिणीने, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, कपाट उघडून साड्यांचे दोन ढीग केले, नक्की शोभणाऱ्या आणि शंकास्पद. तिसरा ढीग गडद रंगांचा झाला आणि तो सर्वांत मोठा निघाला.

शालेय गणवेशाची कथा याहून मोठी आहे. समग्र शिक्षा योजनेतून पहिली ते आठवीच्या मुलांना मोफत गणवेश मिळतात. पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती कापड पाहायची, गावातल्या शिंप्याकडून मापे घ्यायची. २०२३ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ ही कल्पना पुढे आली आणि २०२४-२५ या वर्षासाठी कापडाची खरेदी राज्यपातळीवर गेली, शिलाई महिला बचत गटांकडे दिली गेली. शाळा सुरू झाल्या तरी अनेक ठिकाणी गणवेश आले नाहीत, आले तिथे मापांच्या तक्रारी झाल्या, वर्तमानपत्रे त्या बातम्यांनी भरली. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने पुढील वर्षापासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. समानतेचा हेतू मला मान्य आहे. गणवेशाने श्रीमंत-गरीब मुलांमधला दिसणारा फरक पुसतो हे मी माझ्या शाळेत अनुभवले आहे. तरीही मुलाचे माप गावात घेतले जाते, मुंबईत नाही, एवढी साधी गोष्ट कळायला एक शैक्षणिक वर्ष गेले. चूक कळल्यावर मात्र निर्णय लेखी, तारखेसह आणि ‘पुढील वर्षापासून’ या शब्दांत बदलला गेला. हे चांगले झाले असे मी मानते.

नियम बदलूच नयेत असे माझे म्हणणे नाही. पाणिनीच्या व्याकरणातही नियमांचे नियमांशी भांडण होते. तुल्यबळ असे दोन नियम एकाच जागी आले तर क्रमाने नंतरचा लागू करावा, असे त्याने सांगून ठेवले आहे. आमच्या आयोजकांनीही नंतरचा नियमच लागू केला, असे कोणी म्हणेल. (माझ्या एका सहकाऱ्याने खरोखरच म्हटले.) फरक एवढाच की पाणिनीच्या नियमांचा क्रम आधीच पक्का असतो. तो रात्री नऊनंतर बदलत नाही. शिवाय आठव्या दिवशी दारावर दुसऱ्या दिवसाचा नियम लावला गेला, म्हणजे तेही नाही.

हे सगळे लिहीत असताना मला माझी स्वतःची आठवण टाळता येत नाही. १९९६ साली मी अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात पंजाबी ड्रेस घालून गेले होते. महाविद्यालय दुसऱ्या गावी, पॅसेंजरने ये-जा, गर्दीत साडी सांभाळणे कठीण. एका ज्येष्ठ बाईंनी मला स्टाफरूममध्ये चहा दिला आणि म्हणाल्या, “अगं, आपल्याकडे साडी नेसतात.” वाक्य पाहा. व्याकरणदृष्ट्या ते साधे विधान आहे, रीत सांगणारा वर्तमानकाळ. त्यात आज्ञार्थ नाही, विध्यर्थही नाही. तरी ती आज्ञा होती आणि मला ती तात्काळ समजली. पुढची नऊ वर्षे मी साडी नेसून पॅसेंजर पकडली. नंतर केव्हातरी तरुण अध्यापिका पंजाबी ड्रेसमध्ये येऊ लागल्या आणि कोणी काही बोलले नाही. नियम गेला तोही न सांगता गेला. तो होता की नव्हता, हे आता कोणी शपथेवर सांगू शकणार नाही.

आणि याहून अवघड गोष्ट. शिबिराच्या आयोजकांना पत्र लिहायला बसले तेव्हा नमुन्यासाठी मी आमच्या विभागाची जुनी फाईल काढली. त्यात माझ्याच सहीची एक सूचना सापडली, काही वर्षांपूर्वीच्या वार्षिक स्नेहसंमेलनाची. ‘विद्यार्थ्यांनी योग्य पेहरावात उपस्थित राहावे. अन्यथा प्रवेश देण्यात येणार नाही.’ योग्य! कोणाच्या मते, कशासाठी, किती? त्या दिवशी सभागृहाच्या दारावरून कोणी परत गेले असेल का, हे मला आठवत नाही. आठवत नाही, कारण मी आत पहिल्या रांगेत बसले होते.

म्हणून हा लेख मी तुम्हाला उद्देशून लिहिते आहे. तुम्ही नोकरी, शेती, घर सांभाळून शिकता. तुमच्यात अंगणवाडी सेविका आहेत, रेल्वेतले कर्मचारी आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत, दुकानदार आहेत, आणि बहुतेक जण आई किंवा बाबा आहेत. एका बाजूने तुम्ही अशा सूचना वाचणार, दुसऱ्या बाजूने उद्या त्या लिहिणार. लिहाल तेव्हा ‘ठरले’ लिहून झाल्यावर एकदा ‘ठरवले’ लिहून पाहा. कर्ता शोधताना बऱ्याच वेळा असे दिसेल की खरे तर कोणीच नीट ठरवलेले नाही. विशेषण लिहिलेत तर शेजारी ‘कारण’ हा शब्द लिहा आणि पुढचे वाक्य पूर्ण होते का पाहा. ‘शोभनीय पोशाख घालावा, कारण…’ मी हे वाक्य गेले वर्षभर पूर्ण करण्याचा प्रयत्न करते आहे. जी उत्तरे मनात येतात ती मुलीला मोठ्याने सांगावीशी वाटत नाहीत. आणि नियम मध्येच बदलावा लागला, तर आधीच्या नियमाप्रमाणे ज्याने कपडा घेतला त्याचा कपडा शेवटच्या दिवसापर्यंत चालवून घ्या.

माझे पत्र दीड पानाचे झाले होते. पाठवण्याआधी मुलीला वाचायला दिले. त्यात मी सुचवलेला नवा मसुदा होता : ‘मल्लखांबासाठी शक्यतो अंगालगत बसणारे कपडे घालावेत, कारण सैल कपडा दोरीत अडकतो. येता-जाता स्कार्फ बांधावा. दोरीवर चढताना तो काढून ठेवावा.’ तिने ‘शक्यतो’ या शब्दावर पेन्सिलने काट मारली. म्हणाली, “सर शक्यतो म्हणत नाहीत. ते म्हणतात, पडशील.” मी शब्द काढला.

यंदाचे पत्रक एप्रिलमध्ये आले. दोरीविषयीची दोन्ही वाक्ये त्यात कारणासह जशीच्या तशी आहेत. टी-शर्ट ऐच्छिक केला आहे. खाली आयोजकांचे नाव आणि दिनांक आहे. शेवटच्या ओळीत ‘मुलींनी शोभनीय पोशाखात यावे’ हेही आहेच. मुलीने ती ओळ वाचली आणि तरीही नाव घालायला सांगितले. नोंदणीच्या वेळी टेबलावर यादी उघडी होती, ती मी वरपासून खालपर्यंत पाहिली. केळीच्या बागेत जाणाऱ्या त्या बाईंच्या मुलीचे नाव तिच्यात नव्हते.